कार्ना परत येते की नाही

६ जानेवारी

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली आहे. मला असल्या गोष्टींची हौस नाही. पण उद्या कुणी इतिहास लिहायला बसला, तर त्याला भरवशाचा साक्षीदार नको का? आमच्या चिटणीस रिग्मोरवर सोडलं, तर ती इतिहासात केकची कृती लिहून ठेवील.

तर झालं असं. सकाळी कोपनहेगनहून टीव्हीवाल्यांचा फोन आला. 'नाखव्याचं घर' या मालिकेचा पुढचा भाग काढायचा विचार चालू आहे म्हणे. चाळीस वर्षांनी! मी ताडकन उभाच राहिलो. फोनवर आपण उभे की बसलेले हे कुणाला दिसत नाही, तरी राहिलो.

ज्याला ही मालिका माहीत नाही असा माणूस डेन्मार्कात सापडणं कठीण. पण इतिहासकार परदेशी असू शकतो, म्हणून थोडक्यात सांगतो. मालिका आमच्या क्रोगो बेटावरच चित्रित झाली. शनिवारी संध्याकाळी अख्खा देश टीव्हीपुढे, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. नाखवा मॅस, त्याची बायको कार्ना, आणि धक्क्यावरचं त्यांचं लाल घर. शेवटच्या भागात कार्ना काही न बोलता बॅग भरते, दुपारच्या बोटीत चढते आणि जाते. मॅस खिडकीत दिवा लावतो. संपलं! असं कुणी संपवतं का? कार्ना परत येते की नाही, यावरून आजही लग्नाच्या जेवणात भांडणं होतात.

मी 'नाखव्याचं घर मित्रमंडळा'चा पहिल्या दिवसापासूनचा अध्यक्ष. मंडळाची घटना माझ्याच हातची. शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे निदान स्वल्पविराम तरी जिथल्या तिथे आहेत.

पुढच्या खोलीतला दिवा चालू ठेवला आहे. रोजच ठेवतो, चोरांसाठी. या बेटावर आजवर एकही चोरी झालेली नाही, यावरूनच दिव्याचा उपयोग कळतो.

९ जानेवारी

कार्यकारिणीची बैठक. हजर: मी, खजिनदार विगो, म्हणजे आमच्या बोटीचा कप्तान, आणि चिटणीस रिग्मोर, जिची बेकरी आहे. विषय: पुढच्या भागाला मंडळाचा पाठिंबा.

"कशाला हवाय पुढचा भाग?" कॉफी ओतता ओतताच रिग्मोर सुरू झाली. बोलण्याची परवानगी मागितलेली नाही, नोंद घ्यावी. "पोरीनं बॅग उचलली, गेली. सुटली बिचारी."

"सुटली? मॅससारखा नवरा सोडून?"

"मी असते ना, तर तिसऱ्याच भागात गेले असते. रोज सकाळी पावाला लोणी लावायला घ्यावं, की हा बाबा हवेच्या दाबाचे आकडे वाचायला लागतो. बाई गं!"

"नाखव्याच्या घरात ती माहिती महत्त्वाची असते."

विगोला हसू फुटलं. "आस्गर, तू एलिनोरला नाश्त्याला काय वाचून दाखवायचास रे? मंडळाचं इतिवृत्त ना?"

मी म्हटलं, त्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. वाचायचो, का नाही वाचायचो? सभेत काय झालं हे घरच्या माणसाला सगळ्यांच्या आधी कळावं, यात वाईट काय? आणि एलिनोर त्यावर कधी एका शब्दानं बोलली नाही. म्हणजे तिला आवडतच असणार.

ठराव मंजूर, दोन विरुद्ध एक. विगोनं बाजूनं मत दिलं, कारण पर्यटक वाढले की त्याची बोट भरते. कारण कसलं का असेना, मत ते मत.

१५ जानेवारी

एक अडचण निघाली. मालिकेचे हक्क टीव्हीकडे नाहीत. ते लेखिकेकडे आहेत, आणि लेखिका म्हणजे आमच्या शेजारच्या पिवळ्या घरातल्या आग्नेतेबाई. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मंडळानं त्यांच्या पुस्तकांचं प्रदर्शन भरवलं, त्यांच्या टंकलेखन यंत्राला काचेची पेटी केली, त्यांच्या वाढदिवसाला दरवर्षी झेंडा चढवतो. फक्त त्यांना काही विचारायची वेळ कधी आली नव्हती.

गेलो. दारातच म्हणाल्या, "ये रे आस्गर. बूट काढ, आत्ताच पुसलंय."

मी राष्ट्राच्या भावना त्यांच्यापुढे मांडल्या. त्या हेरिंग माशांच्या बरणीचं झाकण उघडायची खटपट करत होत्या. शेवटी बरणी माझ्या हातात दिली.

"नाही लिहायचं मला," म्हणाल्या.

"पण बाई, गोष्ट अर्धवट राहिलीय!"

"अर्धवट कुठे? बाई बोटीत चढली. तिच्या परीनं पूर्ण झाली की."

"लोकांना कळायला नको, ती परत येते की नाही?"

"कुठल्या लोकांना?"

"सगळ्या देशाला!"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या स्वयंपाकघरातून माझी पुढची खोली थेट दिसते. "तुझा दिवा भर दुपारीही चालू असतो रे," त्या म्हणाल्या.

"चोर काय फक्त रात्रीच येतात?"

त्यावर त्या उठल्या. काळ्या पावावर हेरिंग वाढून दिलं, स्नॅप्सचा छोटा पेला दिला, आणि मी खात असताना माझ्याकडे टक लावून बघत बसल्या. लेखकांना ही वाईट सवयच असते.

२० जानेवारी

एलिनोरची वर्गणी जमा झाली. दरवर्षी याच सुमारास न चुकता येते. सगळे सभासद असे नियमित असते, तर विगोला स्मरणपत्रं काढावी लागली नसती.

इतिहासकारासाठी खुलासा: एलिनोर माझी पत्नी. सध्या स्वेनबोर्गला असते. विणकामाच्या कोर्सला गेली होती. त्याला सात वर्षं झाली. विणकाम अवघड असतं. तिथे तिनं खोली घेतली, मग माग घेतला, मग दुकान. कागदोपत्री आम्ही अजून नवराबायको आहोत. तिनं कधी कागद पाठवले नाहीत, मीही मागितले नाहीत. जाताना म्हणाली होती, "आस्गर, मी जाते." मी म्हटलं, "बोट चार वीसची आहे, उशीर करू नकोस." नेमकी माहिती द्यायची माझी सवय.

३ फेब्रुवारी

टीव्हीकडून सिग्ने नावाची मुलगी येऊन गेली. वय जेमतेम तिशी, टोपी घरातही काढत नाही. मी तिला लाल घर दाखवलं, धक्का दाखवला, कार्नानं बॅग ठेवली होती तो दगडही दाखवला. ती सारखी म्हणत होती, "वा, किती उदास आहे इथे!" फेब्रुवारीत उदास नसेल तर काय असेल?

मग कॉफीवर तिनं त्यांची कल्पना सांगितली. पहिल्याच दृश्यात बंदरात प्रेत तरंगताना दिसतं.

"प्रेत?" मी म्हटलं. "नाखव्याच्या घरात?"

"हो. प्रेत नसेल तर बाहेरच्या देशात कुणी घेत नाही हो मालिका. ते हवंच. कार्ना परत येते, पण पोलीस अधिकारी म्हणून. तिला झोप न येण्याचा आजार असतो."

"आणि मॅस?"

"मॅस म्हणजेच प्रेत," ती म्हणाली आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

मी कपबशी खाली ठेवली. रिग्मोर मागच्या टेबलावर बसून ऐकत होती. म्हणाली, "चला, निदान आकडे तरी ऐकावे लागणार नाहीत." काही माणसांना कशाचं काही नसतं.

सिग्नेला बोटीवर पोचवताना मी बजावलं, की मंडळ हे कदापि खपवून घेणार नाही. ती गोड हसली. म्हणाली, लेखिकेनं लिहून दिलं तर प्रेताचा आग्रह सोडू. नाही दिलं तर दुसरं कुठलं तरी बेट बघू. जाऊ दे, बोट सुटली.

१२ फेब्रुवारी

प्रेताच्या विचारानं झोप लागेना, म्हणून पुढच्या भागाचा आराखडा मीच तयार केला. असा:

कार्ना सकाळच्या बोटीनं परत येते. धक्क्यावर झेंडे. सगळं गाव गाणं म्हणतं. मॅस दारात उभा असतो, काही विचारत नाही, कारण तो मोठ्या मनाचा आहे. कार्ना म्हणते, "चुकले मी." मॅस म्हणतो, "कॉफी तयार आहे." दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तो हवेचा दाब वाचतो आणि ती ऐकते. समाप्त.

लिहून झाल्यावर डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. आग्नेतेबाईंच्या दारातून आत सरकवून आलो.

१३ फेब्रुवारी

बाईंनी आराखडा परत केला. समासात एकच ओळ: "हिला बोलायला एवढंच का दिलंस?" मला कळलं नाही. मोजकं बोलणारी बाई आहे, म्हणून तर लोकांना आवडते.

१६ फेब्रुवारी

काल फास्तेलाव्न, आमचा सोंगांचा सण. पोरांनी सोंगं घेऊन शाळेच्या पटांगणात पिंप फोडलं, रिग्मोरनं क्रीमचे बन वाटले. आग्नेतेबाई मुद्दाम काठी टेकत आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आस्गर, एक भाग लिहून देते. एकच."

मी त्यांना मिठीच मारणार होतो, पण हातात बन होता.

"अट आहे," म्हणाल्या. "आधी मंडळाच्या वार्षिक सभेत वाचायचा. आणि सगळ्या सभासदांना बोलवायचं. बेटाबाहेरच्यांनाही, झाडून सगळ्यांना."

"घटनेप्रमाणे सगळ्यांना पत्र जातंच, बाई."

"पत्र जातं रे. यंदा त्यावर हातानं चार ओळी लिही."

हा माझ्या वक्तृत्वाचा विजय आहे, यात शंका नाही. विगो म्हणतो, बाईंना माझी दया आली असेल. दया कशासाठी?

बेटाबाहेरचे सभासद म्हणजे तसे कितीसे. एलिनोरच्या पत्रावर चार ओळी लिहिल्या: सभेची तारीख, वेळ, विषय, आणि कॉफीला केक असेल हे.

५ मार्च

बाईंचं लिखाण जोरात चालू आहे. खिडकीतून दिसतं. फक्त गुरुवार मोडतो. दर गुरुवारी त्या बोटीनं स्वेनबोर्गला दात दाखवायला जातात. आता या वयात दाखवण्यासारखे दात किती उरले असतील? आणि दंतवैद्याकडे जाताना केकचा डबा कुणी घेऊन जातं का? विगोला विचारलं, तर म्हणतो, "मी बोट चालवतो, आस्गर. उतारू कुठे जातात ते विचारत नाही." मग मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, डॉक्टरला खूश ठेवत असेल.

१८ मार्च

संहिता हातात पडली. अध्यक्ष म्हणून मला आधी. दोनदा वाचली. माझी घोर निराशा झाली आहे आणि मी ती इथे स्पष्ट नोंदवतो.

बाईंनी मॅसची पार वाट लावली आहे. चाळीस वर्षांत तो कसल्याशा 'दीप संरक्षण मंडळा'चा अध्यक्ष झालेला दाखवलाय. नाश्त्याला एकटाच बसून खुर्चीला इतिवृत्त वाचून दाखवतो. शेजाऱ्यांच्या पाट्यांवरचे स्वल्पविराम दुरुस्त करत फिरतो. भर दुपारी दिवा चालू, आणि कुणी विचारलं की म्हणतो, वादळासाठी! अहो, असा माणूस असतो का कुठे? मी आयुष्यभर माणसांत वावरलो, शेकडो पालक पाहिले, असा नमुना कुठे भेटला नाही. विनोद करायचा म्हणून वाटेल ते.

आणि कार्ना! येते, पण कशासाठी? तिच्या आईचं आप्प्यांचं बिडाचं पात्र न्यायला. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेलं असतं ते. कॉफी पिते, चार वाक्यं बोलते, पात्र काखोटीला मारते आणि दुपारच्या बोटीनं परत जाते. बस्स! चाळीस वर्षं देशानं ज्याची वाट पाहिली, त्याचा शेवट आप्पेपात्रावर!

आमच्याकडेही असं एक आहे, एलिनोरच्या आईचं. पण ते काय, घरोघरी असतं. नाताळात आमचे ते गोड आप्पे न करणारं घर आहे का इथे? मी मात्र सात वर्षांत वापरलं नाही, मला ते उलटवायला जमत नाहीत.

अध्यक्षाच्या अधिकारात मी वार्षिक सभेपुढे ठराव ठेवतो आहे: "कार्नानं कायमचं परत यावं, अशी ही सभा लेखिकेला आग्रहाची विनंती करते." लेखक लेखक म्हणून त्यांचं किती ऐकायचं? या देशात लोकशाही आहे.

२१ मार्च

वार्षिक सभा. आज सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर जमणार नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. रिग्मोरचा थरांचा केक, किटल्यांतून कॉफी, सुरुवातीला गाणं, मग माझा अहवाल, मग विगोचा हिशेब, कुणी ऐकला नाही. सिग्नेही आली होती, टोपी घालून. आणि तिसऱ्या रांगेत, खिडकीशी, एलिनोर. करड्या रंगाचं स्वेटर. स्वतः विणलेलं असणार. केस आखूड केलेत. मी व्यासपीठावरून मान लवून नमस्कार केला, इतर सभासदांना करतो तसाच. तिनंही केला.

मग संहितेचं वाचन. बाई म्हणाल्या, "मला दिसत नाही नीट. आस्गर, तूच वाच. आवाज तुझाच बरा."

मी वाचलं. आणि काय सांगू, मला कल्पनाच नव्हती की मी इतकं विनोदी वाचतो! मॅस खुर्चीला इतिवृत्त वाचून दाखवतो, तिथे पहिला हशा. स्वल्पविरामाला विगो टेबलावर डोकं आपटत होता. दिव्याशी आलो, "वादळासाठी!" म्हटलं, आणि रिग्मोरनं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला. सगळे हसत होते आणि मी आणखी ठसक्यात वाचत होतो. मी मान वर केली. सगळ्या सभागृहात एकच माणूस हसत नव्हतं, तिसऱ्या रांगेत.

आता कार्ना बोलणार, तेवढ्यात आग्नेतेबाईंनी काठी आपटली. "इथे बाईचा आवाज पाहिजे. एलिनोर, तू वाचतेस का?"

मी आक्षेप घेणार होतो, घटनेत दोन वाचकांची तरतूद नाही. पण एलिनोर उठून वर आलीसुद्धा. माझ्या शेजारी उभी राहिली. मी कागद तिच्याकडे सरकवला आणि मॅसचं वाक्य वाचलं: "कार्ना, तुझ्यासाठी मी रोज दिवा लावला."

तिनं कागदाकडे पाहिलंच नाही.

"दिवा लावून माणूस येत नाही रे," ती म्हणाली. "मी समोर बसलेली असायचे, तेव्हा तू कागदात बघायचास. मला भांडायचंही नव्हतं. एकदा, फक्त एकदा विचारलं असतंस ना, 'तुला काय हवंय?' तर मी बॅग भरलीच नसती."

पुढचं वाक्य माझं होतं. कागदावर छापलेलं होतं, मोठ्या टायपात. मला ते दिसेना. मुख्याध्यापक म्हणून एवढी वर्षं पोरांपुढे उभा राहिलो, कधी शब्द अडला नाही. आणि मला एकदम मॅस कोण ते कळलं. हसत होते ते कशाला, तेही कळलं. कान गरम झाले. खाली बसावं तर खुर्ची लांब.

बाईंनी जागेवरूनच सांगितलं, "इथे मॅस काही बोलत नाही असंही चालेल."

मग एलिनोरनं उरलेलं वाचून काढलं: पात्र, काखोटी, बोट. आणि जागेवर जाऊन बसली.

विषयपत्रिकेवर पुढचा विषय माझाच ठराव होता. मागे घ्यावा असं वाटलं, पण विगोनं वाचून टाकला होता. चर्चा झाली. झाली म्हणजे काय, पेटली. बोटीवरचा मेकॅनिक म्हणाला, कार्नानं निदान नाताळपर्यंत तरी राहावं. दोन बहिणींचं जुंपलं. एक म्हणे मॅसला अद्दल घडली, दुसरी म्हणे एका भांड्यासाठी कुणी एवढा प्रवास करतं का. रिग्मोर उठून म्हणाली, "अगं बायांनो, जी बाई नाहीच मुळी, ती घरी यावी की नाही यावर आपण हात वर करणार आहोत, कळतंय का कुणाला?" कुणाला कळलं नाही. मतदान घ्या, मतदान घ्या, असा ओरडा झाला.

हात वर झाले. मोजले, पुन्हा मोजले. समसमान.

घटनेप्रमाणे अशा वेळी अध्यक्षाचं मत निर्णायक. ते कलम मीच घातलंय. त्या वेळी मला ते फार आवडलं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. विगोनं डोळ्यानं खूण केली, घे आटप, तुझाच ठराव आहे. जानेवारीपासून नाही, फार आधीपासून मला एकच गोष्ट हवी होती, की ती परत यावी. एक हात वर केला असता की आली असती. इतिवृत्तात नोंद झाली असती, सही, शिक्का.

मी म्हटलं, "अध्यक्षाचं मत ठरावाच्या विरुद्ध."

एकच गिल्ला झाला. मेकॅनिक म्हणाला, "अरे, स्वतःचाच ठराव पाडतोस?" मी म्हटलं, "पाडतो. तिला यायचं नाहीये. तिला विचारलं तर पाहिजे ना कुणीतरी." घोटभर कॉफी प्यायलो.

सिग्नेनं आग्नेतेबाईंना विचारलं, संहिता मिळेल का, प्रेत वगैरे नंतर घालता येईल. बाईंनी कागद घडी करून पिशवीत टाकले. "हा झाला प्रयोग, पोरी. एकच होता. मला वाटलं नव्हतं या गोष्टीला पुढचा भाग लागेल म्हणून. पण एका माणसाला फार लागत होता."

आभार मानायचे राहून गेले. मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

२२ मार्च

काल लिहवेना, ते आज लिहितो.

सभा संपल्यावर घरी आलो आणि खिळ्यावरून आप्पेपात्र काढलं. खाली भिंतीवर गोल पांढरा डाग निघाला. पात्राला गंज चढला होता. घासलं, तेलाचं बोट फिरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. धक्क्यावर गेलो तेव्हा एलिनोर बोटीपाशी उभी होती, विगो दोरखंडाशी उगाच खुडबुड करत होता.

"तुझं आहे," म्हटलं. "आईचं."

"अरे, दर गुरुवारी आग्नेतेशी बोलायचे खरी, पण मी ते मागितलं नव्हतं. ते आग्नेतेनं आपल्या मनानं घातलं."

"तरी घे. मला उलटवता येत नाहीत."

ती हसली. पात्र घेतलं. जड आहे ते, दोन्ही हातांनी धरावं लागतं. मी बोटीच्या वेळेबद्दल काहीतरी बोलणार होतो, तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "एलिनोर, तुला काय हवं होतं?"

विगोची खुडबुड थांबली होती.

"हेच," ती म्हणाली, आणि बोटीत चढली.

मी बोट दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. खूप वाईट वाटलं. पण आग्नेतेबाई म्हणाल्या होत्या तसं, तिच्या परीनं पूर्ण झाल्यासारखंही वाटलं. कसं सांगायचं ते मला येत नाही, मी लेखक नाही.

घरी आलो आणि पुढच्या खोलीतला दिवा बंद केला. चोरांना यायचं असेल तर येऊ देत.